विमानाचा कारागीर आणि सुरक्षिततेची व्यवस्था

विमानाने प्रवास करणारा गृहस्थ वैमानिकाचा आवाज ऐकतो, परिचारिकेचे आतिथ्य घेतो, सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याशी दोन शब्द बोलतो. परंतु ज्याने आदल्या रात्री त्याच विमानाच्या पंखाखाली उभे राहून एकेक बोल्ट आवळला, त्या कारागिराचे दर्शन त्याला कधीच घडत नाही. वास्तविक प्रवाशाचा जीव जितका वैमानिकाच्या हाती असतो तितकाच या अदृश्य कारागिराच्याही हाती असतो. दोघांत भेद आहे तो काळाचा. वैमानिकाच्या चुकीचा परिणाम बहुधा लागलीच दिसून येतो. कारागिराची चूक पत्र्याआड दडून राहते, आणि कधी २७ तासांनी तर कधी ७ वर्षांनी उघडकीस येते. या मधल्या अवधीत ती कोणाच्या तरी ध्यानी येण्याचा संभव असतो. ध्यानी आल्यावर तो मनुष्य बोलेल काय, आणि तो बोललाच तर ऐकून घेणारा व उपाय करणारा कोणी असेल काय, या दोन प्रश्नांवर विमान-दुरुस्तीच्या धंद्यातील सुरक्षितता अवलंबून आहे. अलीकडे जगभर या धंद्यात जी ‘सुरक्षा-व्यवस्थापन पद्धती’ स्वीकारली जात आहे, तिचा हेतू या दोन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळावे हाच होय.

विमानाची निगा निरनिराळ्या ठिकाणी राखली जाते. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात, विमानतळावरच, चाके, ब्रेक, तेल, दिवे इत्यादींची पाहणी होते. ही झाली रोजची निगा. काही महिन्यांनी, आणि त्याहून बारकाईने काही वर्षांनी, विमान हँगरात नेऊन त्यातील आसने, गालिचे व आतील भिंती काढतात, त्याचा अस्थिपंजर उघडा करतात आणि गंज, चिरा व झीज यांचा शोध घेतात. इंजिने व नाजूक उपकरणे यांचे कारखाने आणखी निराळे. पूर्वी मोठ्या विमान कंपन्या यातील बहुतेक काम आपल्याच घरी करीत. आता त्यातील बराच भाग स्वतंत्र दुरुस्ती-कारखान्यांकडे ठेक्याने जातो. काम पुरे झाल्यावर परवानाधारक अभियंता कागदावर सही करतो, आणि त्या सहीनंतरच विमान उड्डाणास योग्य ठरते. या सहीचे मोल फार मोठे आहे. परंतु सही करणारा जे पाहतो आणि त्याला जे सांगितले जाते, तेवढ्याच आधारावर ती उभी असते हे विसरता येत नाही.

या धंद्याची जुनी शिस्त साधी व कडक होती. प्रत्येक कामाची लेखी रीत, कामगारास परवाना, महत्त्वाच्या कामावर दुसऱ्या मनुष्याची नजर, आणि चुकणाऱ्यास शासन. या शिस्तीमुळे विमानप्रवास पुष्कळ निर्धोक झाला, हे नाकारता यावयाचे नाही. तथापि तिच्यात एक उणीव होती. अपघात घडला म्हणजे ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न ती प्रथम विचारी. अपराधी सापडला, त्याला दंड झाला, की प्रकरण मिटे. ज्या परिस्थितीने त्याच्या हातून चूक करविली ती परिस्थिती मात्र जशीच्या तशी राही, आणि दुसऱ्या पाळीतील दुसरा मनुष्य तिच्यातच सापडे.

ही गोष्ट एका प्रसिद्ध उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. दिनांक १० जून १९९० रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा शहरी निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक विमान १७,००० फुटांवर चढले असता वैमानिकासमोरची काच अकस्मात निखळून पडली. आतील हवा मोठ्या जोराने बाहेर धावली आणि तिच्याबरोबर कॅप्टन टिम लँकेस्टर हे कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढले गेले. परिचारकांनी त्यांना आळीपाळीने धरून ठेवले, आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी तशाही अवस्थेत विमान साउदॅम्प्टन येथे सुखरूप उतरविले. सर्व प्रवासी वाचले. कॅप्टन लँकेस्टरही वाचले आणि काही महिन्यांनी पुन्हा कामावर रुजू झाले.

चौकशीत असे आढळले की, ती काच अपघातापूर्वी २७ तास नवी बसविली होती, व तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा बारीक होते. फरक केवढा? इंचाचा सुमारे चाळिसावा भाग. राहिलेले ६ जाडीने योग्य, पण लांबीने एकदशांश इंच आखूड होते. काम करणारा मनुष्य नवशिका नव्हता. तो त्या रातपाळीचा प्रमुख होता. त्या रात्री मनुष्यबळ कमी होते, म्हणून त्याने स्वतःच काम अंगावर घेतले. जुन्या काचेचे बोल्ट काढून त्याने त्यांच्याशी नवे बोल्ट जुळवावयाचे ठरविले. भांडारात तसे चारपाचच शिल्लक होते. तेव्हा तो विमानतळाच्या दुसऱ्या भागातील, देखरेख नसलेल्या व अपुऱ्या उजेडाच्या एका मांडणीपाशी गेला आणि केवळ नजरेने ताडून बोल्ट घेऊन आला. बोल्ट बसविताना त्याला उंच चौथऱ्यावरून एका बाजूस ओणवावे लागत होते. त्यामुळे बोल्टांची डोकी आपल्या खळग्यांत नेहमीपेक्षा खोल उतरली आहेत हे त्याच्या दृष्टीस नीट पडले नाही. नियमपुस्तकात हे काम ‘अत्यंत महत्त्वाचे’ या वर्गात मोडत नव्हते, म्हणून दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. ही काच आतून लावलेली असती तर विमानातील हवेच्या दाबाने ती चौकटीत अधिकच घट्ट बसली असती. परंतु ती बाहेरून लावलेली असल्यामुळे आतील दाबाचा सगळा भार त्या बारीक बोल्टांवरच आला.

या हकिकतीतील दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली ही की, जे जुने बोल्ट त्याने नमुना म्हणून धरले तेही मुळात योग्य नव्हते. ते आखूड जातीचे होते आणि त्यांच्यावरच ती जुनी काच चार वर्षे टिकली होती. म्हणजे चुकीचा आरंभ त्या रात्री झालेला नव्हता. ती आधीच विमानात येऊन बसली होती. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. भांडारातील अनुभवी मनुष्याने, त्या काचेला निराळे बोल्ट लागतात, असे पाळीप्रमुखास सांगितले होते. परंतु त्याने आपला मुद्दा लावून धरला नाही. शंका निघाली होती, ती योग्यही होती. मात्र वरिष्ठाच्या निर्णयापुढे ती शंका पुढे नेण्याचा मार्ग त्या मध्यरात्री भांडाऱ्यापाशी नव्हता. कोणत्याही हँगरात दर रात्री अशा किती शंका उच्चारल्या जात असतील व किती मनातच विरत असतील, त्याची गणती कोणी ठेवावी?

इंग्रज मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी या प्रकारास एक सोपी उपमा दिली आहे. स्विस चीज म्हणून जो भोकाभोकांचा पदार्थ असतो त्याच्या चकत्या एकीमागे एक उभ्या कराव्यात. प्रत्येक चकती म्हणजे संकटाच्या वाटेतील एक अडसर : लेखी रीत, प्रशिक्षण, भांडाराची शिस्त, उजेड, दुसऱ्याची तपासणी. प्रत्येकीत कोठे ना कोठे भोक असतेच. बहुतेक वेळा एका चकतीच्या भोकातून निसटलेले संकट पुढच्या चकतीवर अडते. परंतु क्वचित सगळी भोके एका रेषेत येतात, आणि मग अपघात होतो. शेवटच्या चकतीजवळ जो मनुष्य उभा असतो त्याच्या नावावर सगळा दोष लिहिला जातो. वास्तविक आधीची भोके दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या दिवशी, पुष्कळदा कचेरीत बसून पाडलेली असतात.

बर्मिंगहॅमच्या प्रकरणात सूचना होऊनही ती पुढे गेली नाही. याउलट सूचना वरपर्यंत जाऊनही तिचा अर्थ कोणी लावला नाही, असा प्रकार अमेरिकेत ५ मे १९८३ रोजी घडला. मायामीहून बहामा बेटांतील नासाऊकडे निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात १७२ माणसे होती. त्याच्या तीनही इंजिनांतील तेल गळून गेले. एक इंजिन वैमानिकाने बंद केले, बाकीची दोन आपोआप बंद पडली, आणि काही मिनिटे ते प्रचंड विमान इंजिनाच्या साहाय्याविना समुद्राकडे उतरत राहिले. पाण्यापासून सुमारे ४,००० फुटांवर असता प्रथम बंद केलेले इंजिन पुन्हा चालू करण्यात यश आले आणि विमान मायामीस परत आले. कारण अगदी क्षुल्लक होते. इंजिनाच्या तेलात धातूचे कण येतात काय हे पाहण्यासाठी एक छोटे उपकरण बसविलेले असते. ते बदलताना त्यावरील रबरी कड्या तीनही ठिकाणी राहून गेल्या होत्या. एरवी कारागिरांना ही उपकरणे मुकादमाच्या कपाटातून कड्या चढविलेलीच मिळत. त्या रात्री कपाट रिकामे होते, म्हणून ती भांडारातून आणली, व तेथे ती कड्यांविना मिळाली. नेहमीच्या सवयीने कड्या आहेतच असे गृहीत धरले गेले.

परंतु याच कड्यांपायी त्याच कंपनीत पूर्वी अनेकदा इंजिने बंद करण्याचे प्रसंग आले होते. प्रत्येक वेळी एकच इंजिन बंद पडले, विमान सुखरूप उतरले, आणि हा कोणा एका कामगाराचा हलगर्जीपणा, असे ठरले. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने कारागिरांस व त्यांच्या देखरेखकांस दोष दिलाच. पण पूर्वीच्या तशाच घटनांचे महत्त्व न ओळखल्याबद्दल व परिणामकारक उपाय न केल्याबद्दल कंपनीच्या व्यवस्थापनासही कारणांत गोवले. एकच चूक निरनिराळी माणसे वारंवार करू लागली म्हणजे दोष माणसांत शोधण्याऐवजी कामाच्या मांडणीत शोधावयास हवा. आज अनेक ठिकाणी एकाच विमानाच्या दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच मनुष्याने एकाच वेळी करू नये असा दंडक आहे. त्याचे मर्म अशाच अनुभवांत आहे.

अशा अनुभवांतूनच सुरक्षा-व्यवस्थापनाची कल्पना आकारास आली. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारान्वये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २०१३ साली या एकाच विषयास वाहिलेले एकोणिसावे परिशिष्ट प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये दुरुस्ती-कारखान्यांसाठी तसा नियम केला. तो २ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, आणि जुन्या कारखान्यांना सुधारणेसाठी २ डिसेंबर २०२४ पर्यंत मुदत मिळाली. अमेरिकेने २०१५ मध्ये विमान कंपन्यांवर व २०२४ मध्ये विमाननिर्माते आणि भाडोत्री विमानसेवा यांच्यावर ही पद्धती बंधनकारक केली. परंतु त्या नियमांनी दुरुस्ती-कारखान्यांवर सक्ती केली नाही, ते ती स्वेच्छेने स्वीकारू शकतात. भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी मान्यताप्राप्त दुरुस्तीसंस्थाही या पद्धतीच्या कक्षेत आणल्या आहेत. महाराष्ट्रास हा विषय परका नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. आज मुंबईच्या विमानतळावर व नागपूरच्या मिहान परिसरात विमानांच्या निगेची व दुरुस्तीची कामे चालतात, आणि तेथे मराठी घरांतील कितीतरी तरुण रातपाळीस उभे असतात.

या पद्धतीची अंगे चार. पहिले अंग म्हणजे धोरण आणि जबाबदारी. कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने सुरक्षिततेची जबाबदारी स्वतःच्या नावावर लेखी घ्यावयाची. हा अधिकारी असा हवा की ज्याच्या हाती पैसा खर्च करण्याचा अधिकार आहे. यात मोठे शहाणपण आहे. हँगरातील दिवे मंद आहेत हे मुकादमाला ठाऊक असते, परंतु नवे दिवे विकत घेण्याचा अधिकार त्याला नसतो. ज्याला अधिकार असतो त्याला दिवे मंद आहेत हे ठाऊक नसते. ज्ञान एकीकडे व सामर्थ्य दुसरीकडे, ही फारकत मोडणे हे पहिल्या अंगाचे कार्य होय.

दुसरे अंग धोक्याच्या मोजमापाचे. एखादी उणीव कळली म्हणजे दोन गोष्टी पाहावयाच्या : तिच्यातून अनर्थ घडण्याचा संभव किती, आणि घडलाच तर तो केवढा असेल. संभवाच्या पाच पायऱ्या, परिणामाच्या पाच पायऱ्या, अशी एक चौकट आखलेली असते. उणीव त्या चौकटीत कोठे बसते ते पाहून काम तत्काळ थांबवावे, काही दिवसांत सुधारावे, की नुसते लक्ष ठेवावे हे ठरते. हे मोजमाप अपघातानंतर नव्हे, तर आधी करावयाचे असते. आणि विशेषतः कामाच्या रीतीत कोणताही बदल करण्यापूर्वी ते अवश्य करावयाचे असते.

बदल किती निरुपद्रवी दिसतो व किती महाग पडतो, याचे उदाहरण अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचे आहे. त्याच्या शेपटीतील आडवी पाती हलविणारा एक मोठा स्क्रू व त्याचे नट यांना ठरावीक काळाने वंगण घालावे लागे. काही वर्षांत दोन वंगणांमधील अंतर टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले. झीज मोजण्याच्या तपासण्याही लांबल्या. या वाढीस सरकारी खात्याची संमती होती. ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, वंगणाअभावी झिजलेले नटाचे आटे तुटले, विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील ८८ माणसे मरण पावली. वंगणाचे अंतर थोडे वाढविणे हा कागदावर काटकसरीचा लहानसा निर्णय असतो. तो घेण्यापूर्वी, ‘एखादे वंगण चुकलेच तर पुढील पाळी येईपर्यंत किती झीज होईल?’ हा प्रश्न कोणीतरी विचारावा व त्याचे उत्तर लिहून ठेवावे, एवढेच दुसरे अंग मागते.

तिसरे अंग पडताळ्याचे. उपाय योजला, परिपत्रक निघाले, सह्या झाल्या; पण हँगरात खरोखरच काही बदलले काय? पाळी बदलताना अर्धवट राहिलेले काम लिहूनच सोपवावे असा नियम केला, तर सहा महिन्यांनी कोणीतरी पहाटे जाऊन, तसे लिहिले जाते की नाही, ते पाहावयास हवे. हा नियम किती प्राणमोलाचा आहे हे अमेरिकेतील टेक्सास राज्यात ११ सप्टेंबर १९९१ रोजी दिसून आले. एका छोट्या प्रवासी विमानाच्या शेपटीवरील ४७ स्क्रू एका पाळीने काढले, दुसऱ्या पाळीस ते कळले नाही, आणि दुसऱ्या दिवशी विमान हवेतच मोडून १४ जण दगावले. तेव्हाही पाळीबदलाचे नियम होतेच. नियम असणे निराळे आणि ते पाळले जातात काय हे पाहत राहणे निराळे.

चौथे अंग शिक्षण व स्मरण यांचे. १९९३ साली कॅनडाच्या वाहतूक खात्यात गॉर्डन ड्यूपाँट यांनी कारागिरांच्या हातून चुका करविणाऱ्या बारा कारणांची यादी केली. थकवा, घाई, अपुरी साधने, लक्ष विचलित होणे ही कारणे कोणासही सुचतील. पण तिच्यात आणखी दोन आहेत : ‘येथे असेच चालते’ ही रूढी, आणि खटकलेले ठामपणे सांगण्याचा अभाव. बर्मिंगहॅमचा भांडारी या शेवटच्या कारणाचे मूर्तिमंत उदाहरण होय. भारतीय कारखान्यांत, जेथे वयाने व हुद्द्याने वडील असलेल्यास उलट बोलणे हा उद्धटपणा मानला जातो, तेथे हे कारण अधिकच प्रबळ असण्याचा संभव आहे. म्हणून ‘साहेब, हे मला बरोबर वाटत नाही’ हे वाक्य आदराने पण स्पष्टपणे उच्चारावयाचे शिक्षणही द्यावे लागते. आणि ते वाक्य शांतपणे ऐकून घेण्याचे शिक्षण साहेबांना द्यावे लागते.

स्मरणाचे महत्त्व जपानने जाणले आहे. १९७८ साली ओसाका येथे उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका जंबो विमानाची शेपटी जमिनीवर घासली. विमान बनविणाऱ्या बोइंग कंपनीच्याच पथकाने शेपटीकडील दाबभिंत दुरुस्त केली. सांध्यावर अखंड पट्टी घालून ती दोन ओळींच्या रिव्हेटांनी धरावयाची होती. प्रत्यक्षात पट्टी दोन तुकड्यांची झाली आणि भार एकाच ओळीवर पडला. त्यानंतर ७ वर्षे, १२,००० हून अधिक वेळा ते विमान उडाले आणि उतरले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली. ५२४ पैकी ५२० माणसे मृत्यू पावली. एका विमानाच्या अपघातात इतकी मनुष्यहानी दुसऱ्या कोठेही झालेली नाही. २००६ साली कंपनीने टोकियोच्या हानेडा विमानतळाजवळ एक केंद्र उघडले. तेथे त्या विमानाचे अवशेष, ती फाटलेली भिंतही, जपून ठेवले असून कंपनीच्या नोकरांना तेथे नेऊन ते दाखविले जातात. १९८५ नंतर जन्मलेल्या कारागिरालाही एका रिव्हेटच्या ओळीचा अर्थ तेथे डोळ्यांनी कळतो.

ही चार अंगे मात्र एका पाचव्या गोष्टीवर जगतात, आणि ती गोष्ट कोणत्याही नियमाने निर्माण करता येत नाही. ती म्हणजे विश्वास. समजा, पहाटेचे चार वाजले आहेत. एका तरुण कारागिराने काम आटोपून हत्यारे पाटीवर लावली, तो एक पान्ना कमी भरला. तो इंजिनात राहिला असेल, किंवा कोणी दुसऱ्याने नेलाही असेल. विमान तासाभरात सुटावयाचे आहे. बोलावे तर विमान खोळंबेल, कंपनीस भुर्दंड पडेल, मुकादम रागावेल, कदाचित नोकरीवर येईल. न बोलावे तर बहुधा काहीच होणार नाही. पूर्वी असे बोलणाऱ्याचे काय झाले हे त्याला आठवेल, आणि त्या आठवणीवर त्याचा निर्णय ठरेल. भिंतीवर टांगलेल्या धोरणाच्या तसबिरीचा त्या क्षणी काहीही उपयोग होत नाही.

यासाठी न्याय्य वागणुकीचे तत्त्व सांगितले जाते. याचा अर्थ, कोणालाही कधीच शिक्षा करू नये, असा नव्हे. हातून सहज घडलेली चूक एक. सोयीसाठी धरलेली आडवाट दुसरी. आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई तिसरी. पहिलीस समजावणी व मदत हवी, दुसरीस शिकवण व परिस्थितीची सुधारणा हवी, तिसरीस मात्र शासनच हवे. यांतील भेद ओळखण्यासाठी एक सोपी कसोटी आहे : तितक्याच ज्ञानाचा व अनुभवाचा दुसरा प्रामाणिक कारागीर त्याच रात्री त्याच जागी असता, तर त्याच्या हातूनही हेच घडले असते काय? उत्तर ‘होय’ असेल तर एका मनुष्यास दंड करून काही साधावयाचे नाही. अमेरिकेत १९७६ पासून एक तोड काढलेली आहे. वैमानिक व विमानक्षेत्रातील इतर लोक आपल्या चुका व शंका सरकारी नियामक खात्याकडे न पाठविता ‘नासा’ या संशोधन संस्थेकडे पाठवितात. ती नावे काढून टाकून त्यांतील बोध तेवढा सर्वांस कळविते. शिक्षा करणारा आणि ऐकणारा हे दोघे निराळे असले म्हणजे जीभ सैल होते, हे यातील तत्त्व आहे.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते निराधार नाहीत. दहाबारा माणसांच्या लहान कारखान्यास एवढा डोलारा कसा पेलावा, हा पहिला. त्याचे उत्तर असे की, डोलारा कारखान्याच्या मानानेच उभारावयाचा असतो. लहान जागी आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून, ‘या आठवड्यात काय खटकले?’ एवढे विचारले, ते एका वहीत लिहिले, आणि पुढच्या आठवड्यात त्याचे काय केले ते सांगितले, तर पद्धतीचा गाभा तेथे आलाच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही सारी पद्धती कागदावरच जिवंत राहू शकते. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी अर्ज भरले जातात, आलेख काढले जातात, आणि हँगरातील मनुष्यास त्यातले काहीच ठाऊक नसते. असा कारखाना पद्धती नसलेल्या कारखान्यापेक्षाही धोक्याचा; कारण तेथे खोटा निर्धास्तपणा असतो. चुकांच्या सूचना येणे कमी झाले की व्यवस्थापक संतोष मानतो. परंतु सूचना कमी येणे हे चुका कमी होण्याचे लक्षण असेल, तसेच लोकांनी बोलणे सोडल्याचेही असू शकेल. ज्याने सूचना दिली त्याला उत्तर परत गेले काय, हे विचारल्याखेरीज या दोहोंतील फरक कळावयाचा नाही. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे ज्याला कधी कळले नाही, तो दुसरी चिठ्ठी लिहीत नाही.

तिसरी अडचण वेळेची आणि पैशाची. विमान जमिनीवर उभे राहिले की त्याच्या मालकाचे दर तासाला नुकसान होते, आणि दुरुस्तीच्या ठेक्यात विमान परत देण्याची तारीख लिहिलेली असते. तारीख पाळण्याचा आग्रह वाईट नव्हे. परंतु ती चुकण्याची शक्यता दिसताच ते उघडपणे ग्राहकास सांगण्याची मुभा हँगराच्या प्रमुखास नसेल, तर त्या तारखेचा भार अखेरीस रातपाळीच्या कारागिरावर येऊन पडतो. म्हणून सुरक्षिततेची व्यवस्था ही केवळ हँगराची बाब नाही. ती ठेका लिहिणाऱ्याची, ठेका देणाऱ्या विमान कंपनीची, आणि काही अंशी प्रवाशाचीही बाब आहे.

प्रवाशाचा संबंध तो काय, असे कोणी विचारील. ‘तांत्रिक कारणामुळे विमान एक तास उशिराने सुटेल’ अशी घोषणा झाली की प्रतीक्षागृहात कुरकूर सुरू होते, कंपनीच्या तरुण नोकरास कठोर शब्द ऐकावे लागतात, आणि त्या शब्दांचा प्रतिध्वनी पुढे मुकादमापर्यंत व मुकादमाकडून कारागिरापर्यंत पोचतो. सर्वच विलंब समर्थनीय असतात असे नाही. परंतु त्या एका तासात हँगरात कोणीतरी हरवलेला पान्ना शोधत असेल, किंवा दोन बोल्ट शेजारी ठेवून पुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहत असेल. आपण थांबा म्हटले आणि विमान थांबले, हे त्या तरुणाने एकदा अनुभवले, म्हणजे पुढच्या वेळीही तो बोलेल.